बुधवारचे अंडे

दुपारची घंटा होते. पोरे ताटल्या घेऊन ओळीने बसतात. स्वयंपाकीण ताई मोठ्या टोपातून खिचडी वाढते. हा देखावा आता गावोगावच्या शाळांत रोजचा झाला आहे. आम्ही लहान होतो तेव्हा तो नव्हता. आम्ही फडक्यात भाकरी बांधून नेत असू. ज्याच्या फडक्यात भाकरी नसे, तो "घरी जाऊन जेवतो" म्हणून सांगे आणि विहिरीवर पाणी पिऊन परत येई. १९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळू लागली, तेव्हा असा पोरगा कधी नव्हे तो घंटेची वाट पाहू लागला. पुढे आम्ही मास्तर झालो, हेडमास्तर झालो. पाणी पिऊन परत येणारी पोरे तेव्हाही पाहिली. म्हणून शाळेतल्या जेवणाबद्दल कोणी बोलू लागले, की आम्ही कान देऊन ऐकतो.

आज त्या ताटातल्या एका अंड्याची हकीकत सांगायची आहे. अंडे लहान, पण त्यावरून मुंबईपर्यंत वाद झाला. त्या वादात आईबाप होते, माळकरी होते, मास्तर होते, कोंबड्या पाळणारे होते आणि सरकारही होते. पोरे मात्र ताटली घेऊन बसली होती.

आधी जेवणाचे मूळ पाहू. तामिळ मुलखात कामराज नावाचे मुख्यमंत्री होते. ते स्वतः फार शिकलेले नव्हते. त्यांनी १९५६ साली शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. साऱ्या देशासाठी अशी योजना १५ ऑगस्ट १९९५ या दिवशी सुरू झाली. आपल्याकडे सुरुवातीला पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पिशवीतून आणला असेल. मग २८ नोव्हेंबर २००१ रोजी सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला, की कोरडा तांदूळ नको, शिजवलेले जेवण द्या. तेव्हापासून शाळेत चूल पेटली. २०२१ साली योजनेचे नाव बदलून पंतप्रधान पोषण योजना असे झाले. गावात आजही तिला "खिचडी" च म्हणतात.

एका पोराला किती द्यायचे, हे ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या पोराला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम. सहावी ते आठवीच्या पोराला तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम. हे माप लक्षात ठेवा. शाळेत गेलात तर फळ्यावर लिहिलेले आहे का पाहा. आता तुम्हांला वाचता येते.

तांदळाने पोट भरते. पण पोर वाढायला, हाडामांसाला बळ यायला प्रथिने लागतात. ती डाळीत असतात, दुधात असतात, मासळीत असतात, अंड्यातही असतात. वीस ग्रॅम डाळीत साधारण पाच ग्रॅम प्रथिने निघतात. एका अंड्यात सहा ग्रॅम निघतात. शिवाय डोळ्यांना आणि रक्ताला लागणारी काही जीवनसत्त्वे अंड्यात आहेत, ती डाळभातात नाहीत. आणखी एक गोष्ट आम्ही मास्तर म्हणून सांगतो. डाळीत पाणी वाढवता येते. अंड्यात पाणी घालता येत नाही. पोराला अंडे मिळाले की नाही, हे लांबूनही दिसते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले, की आठवड्यातून एक दिवस, बुधवारी किंवा शुक्रवारी, पोरांना अंडे द्यायचे. उकडून द्या, नाहीतर पुलावात घाला. जे अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा दुसरे फळ. असे तेवीस आठवडे. एका अंड्यासाठी पाच रुपये मंजूर झाले.

बदलापूरच्या आसपास आदिवासी वाड्या आहेत. ठाकूर आहेत, कातकरी आहेत. पावसात खेकडे, ओहोळातली मासळी, एरवी सुकट. घरची कोंबडी असली तरी तिची अंडी खुडकावर ठेवायची, पिल्ले काढायची, पिल्ले मोठी झाली की विकायची. पोराच्या तोंडात अंडे पडते ते पाहुणा आला तर. अशा घरची पोरे बुधवारी शाळा चुकवीनाशी झाली. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु लगेच विरोधही उठला. वारकरी आणि जैन समाजातल्या काही मंडळींनी सरकारला सांगितले, की शाळा ही देवळासारखी जागा आहे, तेथे अंडे शिजवू नका. आमच्या पोरांच्या शेजारी बसून दुसरी पोरे अंडे खातील, ते आमच्या पोरांना सोसायचे नाही. एकाच टोपात, एकाच डावाने सारे होणार. आता हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली, की माणूस जन्मभर पाळतो. आमच्या वर्गात एक माळकरी बाबा येतात. ते म्हणाले, "गुरुजी, दुसऱ्याच्या पोराच्या तोंडातला घास मी काढणार नाय. पण माझ्या नातवाचं ताट वेगळं ठेवा, डाव वेगळा ठेवा. एवढं होणार नाय का?"

आम्हांला त्यांचे म्हणणे वाजवी वाटले. वेगळा टोप आणि वेगळा डाव, याला किती खर्च येतो?

सरकारने मात्र दुसरीच वाट काढली. जानेवारी २०२४ मध्ये नवा हुकूम आला. ज्या शाळेत शेकडा ४० हून अधिक पालक अंड्याला विरोध करतील, त्या शाळेत अंडे द्यायचे नाही. सर्वांना फळ द्यायचे. शिवाय पोरांच्या ओळखपत्रावर खूण करायची, अंडे खाणाऱ्याला लाल ठिपका, न खाणाऱ्याला हिरवा. हा ठिपक्यांचा प्रकार आम्हांला आवडला नाही. पोरे एकमेकांना आधीच पुष्कळ नावे ठेवतात. त्यांना आणखी एक नाव कशाला पुरवायचे?

शेकडा ४० म्हणजे किती, ते नीट समजून घ्या. शंभर पालक असले तर चाळीस. शाळा लहान असेल, साठ पालक असतील, तर चोवीस. म्हणजे साठांतल्या पंचवीस जणांनी नको म्हटले की पस्तीस जणांच्या पोरांचे अंडे गेले. निवडणुकीत जास्त मते ज्याला, तो निवडून येतो. येथे कमी मतांनीही काम होते. तेव्हा एकेका सहीला मोल आले.

आणि येथेच आमच्या वर्गातल्या एका बाईची गोष्ट घडली. नाव सांगत नाही. वाडीवरची बाई, नवरा वीटभट्टीवर, पोरगा तेव्हा पाचवीत. ती अजून वर्गाला येत नव्हती. त्या जानेवारीत एक गृहस्थ कागद घेऊन वाडीवर आला. "शाळेच्या कामाचा कागद आहे, अंगठा द्या," म्हणाला. शाळेचे काम म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तिने अंगठा दिला. तिच्या जावेने दिला. शेजारणीने दिला. पंधरा दिवसांनी बुधवारी पोरगा घरी आला आणि म्हणाला, "आये, आज केळं दिलं. अंडं बंद झालं. गुरुजी सांगत होते, पालकांनीच लिहून दिलंय."

बाई शाळेत गेली. मास्तरांनी तिला कागद दाखवला. मास्तर वाचून दाखवत होते आणि ती आपल्या निळ्या अंगठ्याकडे पाहत होती. तिचाच अंगठा होता, खोटा म्हणता येईना. कागदावर काय लिहिले आहे ते तिला कोणी सांगितले नव्हते, हे मात्र खरे. त्या गृहस्थाने मुद्दाम फसवले, की त्यालाही घाई होती, हे आम्ही सांगू शकत नाही. पुढच्या सोमवारी बाई आमच्या वर्गात येऊन मागच्या रांगेत बसली. पाटी घेऊन आली नव्हती. आम्ही पाटी दिली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहू. शाळेत अंडे लागले की ते कोणाकडून तरी यायचे. मग कोंबडीवाल्यांना आनंद झाला असेल, असे वाटते. झालाही. पुष्कळ वर्षांपासून त्यांची हीच मागणी होती.

अंडी विकणाऱ्यांची एक मोठी संघटना आहे. तिचे नाव राष्ट्रीय अंडी समन्वय समिती. १९८२ साली ती उभी राहिली. पुण्याचे डॉ. बी. व्ही. राव तिच्यामागे होते. त्याआधी असे होई, की अंड्याचा भाव दलाल ठरवी. कोंबडीवाला शेतकरी पहाटे अंडी पाठवी आणि दलाल सांगेल तो पैसा घेई. खाद्याचे पैसेही सुटत नसत. राव यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले आणि सांगितले, की आपल्या मालाचा भाव आपण सांगायचा. तेव्हापासून ही समिती रोजचा भाव जाहीर करते. "संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे" हे तुम्ही रेडिओवर, टीव्हीवर ऐकले असेल. ते याच समितीचे.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. मका आणि सोयाबीनची पेंड हे तिचे मुख्य खाणे. साडेचार-पाच महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते आणि वर्षाला तीनशेच्या आसपास देते. कोंबडीवाल्याच्या शंभर रुपये खर्चातले साठ-सत्तर रुपये खाद्यातच जातात. मका महाग झाला, की अंडे महाग होते. थंडीत मागणी वाढते, तेव्हाही महाग होते. सरकारने पाच रुपये मंजूर केले, पण त्याच हिवाळ्यात दुकानात अंडे सहा-सात रुपयांवर गेले. वरचे रुपये कोठून आणायचे? कित्येक मास्तरांनी स्वतःच्या खिशातून घातले. आम्ही नोकरीत असतो तर आम्हीही घातले असते आणि घरी बोलणीही खाल्ली असती.

तामिळ मुलखात नामक्कल नावाचा जिल्हा आहे. तेथे कोंबड्यांच्या शेडच शेड आहेत. त्या मुलखातल्या शाळांत अंडे कित्येक वर्षांपासून दिले जाते. शाळेचे गिऱ्हाईक पक्के, म्हणून शेडवाल्याला धीर येतो. आपल्या राज्यात उलटे आहे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या पशुसंवर्धन खात्यानेच सांगितले, की महाराष्ट्रात रोज सुमारे एक कोटी अंडी कमी पडतात. ती कर्नाटक, तेलंगण आणि तामिळनाडूतून येतात. उल्हासनगरच्या बाजारात टपरीवर तुम्ही जी बुर्जी खाता, तिचे अंडे बहुधा तुमच्यापेक्षा जास्त प्रवास करून आलेले असते.

आमच्या वर्गात एक शेडवाला दादा येतो. बारवी धरणाच्या रस्त्याला त्याची शेड आहे. वर्गातल्या बाया त्याला म्हणाल्या, "दादा, शाळेला अंडी तुम्हीच द्या ना." तो हसला. म्हणाला, "मावशी, माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या वयाला पोचतच नाहीत. चाळीस दिवसांत गाडी येते आणि उचलून नेते."

हे पुष्कळांना ठाऊक नसते. अंड्याची कोंबडी वेगळी, मटणाची वेगळी. मटणाची कोंबडी म्हणजे बॉयलर. ती चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोची होते. आपल्या भागातल्या बऱ्याच शेडी कराराच्या आहेत. कंपनी पिल्ले देते, खाद्य देते, औषध देते. शेतकरी शेड देतो, पाणी-वीज देतो, भाताचे तूस अंथरतो आणि रात्री उठून पिल्लांना दिव्याची ऊब देतो. माल उचलला की किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. मर जास्त झाली तर पैसे कापतात.

या दादाने आम्हांला एक गोष्ट शिकवली. आम्ही त्याला विचारले, "लोक श्रावण पाळतात, सोमवार पाळतात, चतुर्थी पाळतात. त्या दिवशी कोंबडी खपत नाही. मग तुझे नुकसान होत असेल?"

तो म्हणाला, "नाय गुरुजी. श्रावण पंचांगात लिहिलेला असतो. गटारीला माल जोरात जातो, पुढे महिनाभर मंद. कंपनी त्या हिशेबानं पिल्लं टाकते. देवाचा उपास आम्हांला कधी बुडवत नाय. बुडवते ती अफवा, नाहीतर आदल्या दिवसाची नोटीस."

अफवेचे त्याचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. २०२० सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी मोबाईलवर पसरवले, की कोंबडी खाल्ली की कोरोना होतो. त्यात काही तथ्य नव्हते. पण भाव असा कोसळला, की शेतकऱ्यांनी कोंबड्या मातीमोल विकल्या, काहींनी फुकट वाटल्या. दादाच्या शेडमध्ये कित्येक महिने पिल्ले पडली नाहीत. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात बर्ड फ्लू आला. ती अफवा नव्हती, खरा रोग होता. रोग पसरू नये म्हणून आसपासच्या हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्यातही पुढे गिऱ्हाईक भ्याले. आणि शेडमधली कोंबडी तर थांबत नाही. चाळीस दिवसांनंतर ती खाते तेवढी वाढत नाही. एक दिवस माल राहिला, की एक दिवसाचे खाद्य अंगावर पडते.

आदल्या दिवसाच्या नोटिशीची गोष्ट ऑगस्ट २०२५ मधली. आपल्या शेजारच्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने हुकूम काढला, की १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत कत्तलखाने आणि मटण-कोंबडीची दुकाने बंद ठेवा. दुकान उघडाल तर कारवाई होईल. स्वातंत्र्याचा दिवस, सुटीचा दिवस. अशा दिवशीच घरोघर मटण शिजते. मग मोठा गलका झाला. खाटीक समाजाची मंडळी चिडली. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही पिढ्यान् पिढ्या हा धंदा करतो. सुटीच्या एका दिवसाचे गिऱ्हाईक आठवड्याच्या गिऱ्हाइकाइतके असते. आमचे पोट का बंद? कोणी पुढारी म्हणाला, मी त्या दिवशी मटणाची पंगत घालतो. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही सांगितले, की आषाढी एकादशीला, महावीर जयंतीला बंद ठेवले तर समजू शकते, स्वातंत्र्यदिनी कशाला? महापालिका म्हणाली, खायला बंदी नाही, कापायला आणि विकायला बंदी आहे. आणि हा आमचा आजचा ठराव नव्हे, १९८८ सालापासून चालत आला आहे. मुख्यमंत्री फडणवीस यांनीही सांगितले, की हा निर्णय जुना आहे, कोणी काय खावे हे ठरवण्यात सरकारला रस नाही.

यात आपल्या भागाचा एक धागा आहे. १९८३ साली कल्याणची महानगरपालिका झाली, तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातच होते. १९९२ साली ते बाहेर पडले आणि आपल्या वेगळ्या नगरपालिका झाल्या. म्हणजे १९८८ चा तो ठराव झाला, तेव्हा अंबरनाथ-बदलापूरची दुकानेही त्याच महापालिकेखाली होती. इतक्या वर्षांत ठराव कोठल्या कपाटात होता, कोणास ठाऊक. गावचा जुना ठराव ग्रामपंचायतीत मागून वाचायचा हक्क तुम्हांला आहे, एवढे मात्र येथे सांगून ठेवतो.

मुंबईतही सप्टेंबर २०१५ मध्ये असाच तंटा झाला होता. जैनांच्या पर्युषण पर्वात मटण विकायला बंदी घातली. मटणवाल्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने १७ सप्टेंबरच्या बंदीला स्थगिती दिली. तर अशा बंदीला कोर्टात विचारता येते.

हा वाद आपल्याच देशात आहे असे नाही. फ्रान्स देशात लियाँ नावाचे शहर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथल्या महापौरांनी शाळेच्या जेवणातून काही दिवस मांस काढले. कोरोनाची साथ होती, पोरांना दूर दूर बसवायचे होते, जेवण लवकर उरकायचे होते. सर्वांना चालेल असा एकच स्वयंपाक केला, तर काम लवकर होते, असे त्यांचे कारण. जवळजवळ एकोणतीस हजार पोरांची गोष्ट. लगेच गुरे पाळणारे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महापालिकेच्या दारात आले. सोबत गाई आणल्या, बकऱ्या आणल्या. म्हणाले, आमच्या पोरांच्या ताटातून आमचाच माल का काढता? त्यांच्या शेतकीमंत्र्यांनीही महापौरांना बोल लावले. काही आठवड्यांनी मांस परत आले.

पण त्यातली गंमत ऐका. लियाँच्या त्या "मांसाशिवाय" जेवणात मासे होते आणि अंडीही होती. तेथे अंडे म्हणजे मांस नव्हे, म्हणून चालले. येथे तेच अंडे मांसाच्या रांगेत बसवले, म्हणून चालले नाही. अंडे तेच. वर्गात हे वाचून दाखवले तेव्हा माळकरी बाबासुद्धा हसले.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात २०१९ सालापासून साऱ्या सरकारी शाळांत सोमवारी बिनमांसाचे जेवण देऊ लागले. ती पोरे अकरा लाखांच्या घरात. त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. तेथे पोरे मांस फार खातात, लठ्ठ होतात. २०१२ साली तेथल्या शेतकी खात्याने आपल्या पत्रकात लिहिले होते, की सोमवारी मांस टाळा. गुरे पाळणाऱ्यांची संघटना इतकी रागावली, की खात्याने ते पत्रक मागे घेतले. आपल्याकडे १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडा म्हणून सांगितले. देशात धान्य कमी होते. तेव्हा आम्ही अगदी लहान होतो, पण आमच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे, हे वडील सांगत. कोणाचे पोट जास्त भरलेले, कोणाचे रिकामे, यावर सोमवारचा अर्थ बदलतो.

आता परत आपल्या शाळेकडे येऊ. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने पुन्हा हुकूम काढला. अंड्यासाठी वेगळे पैसे मिळणार नाहीत. कोणत्या शाळेला अंडा पुलाव द्यायचाच असेल, तर तिने लोकवर्गणीतून द्यावा. गोड पदार्थाला लागणाऱ्या साखरेचेही तसेच. वर्षाला सुमारे पन्नास कोटी रुपये लागत होते, ते वाचले. म्हणजे ज्या शाळेत चोवीस-पंचवीस सह्यांवरून भांडण झाले, तेथे भांडण मिटले. कारण भांडायला अंडेच उरले नाही. कोंबडीवाल्यांनी नाराजी दाखवली, शिक्षकांनी दाखवली. लियाँसारखे ट्रॅक्टर मात्र कोणी आणले नाहीत. आपल्या शेडवाल्याला एक दिवस शेड सोडून जाता येत नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

तिकडे कर्नाटकात काय झाले? तेथे सरकार थोडे देत होते. २०२४ साली अजीम प्रेमजी यांच्या संस्थेने पैसे दिले आणि पोरांना आठवड्याचे सहा दिवस अंडे मिळू लागले. नको त्याला केळे. आपल्याकडे सोमवार ते शनिवार राहू द्या, एका बुधवारचेच जमले नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी वर्गात हिशेब मांडला. आम्ही फळ्यावर आकडे घातले, मंडळींनी पाटीवर केले. शाळेत पोरे ६०. अंडे खाणारी ४२, न खाणारी १८. अंडे सहा रुपयांचे, केळे पाच रुपयांचे. बेचाळीस गुणिले सहा, झाले २५२. अठरा गुणिले पाच, झाले ९०. आठवड्याला ३४२ रुपये. तेवीस आठवड्यांना ७,८६६ रुपये. आकडा पाहून सारे गप्प झाले. मग एक आजी म्हणाल्या, "आपल्या पालखीला वर्गणी किती जमते?" तो आकडा याहून मोठा होता. पण पालखीची वर्गणी सारा गाव देतो. शाळेत पोर नसलेला शाळेला वर्गणी देईल का, यावर अर्धा तास वाद झाला. शेडवाला दादा म्हणाला, गटारीच्या मालाचे पैसे आले की हजार रुपये देईन. माळकरी बाबा म्हणाले, अंड्याला मी पैसा देणार नाय, केळ्यांना देईन. बाकीचे कोठून यायचे, ते त्या दिवशी ठरले नाही.

एक गोष्ट मात्र ठरली. शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. या समितीपुढे हा विषय ठेवायचा. त्यासाठी अर्ज हवा. अर्ज कोण लिहिणार?

ती वीटभट्टीवाली बाई उठली. म्हणाली, "मी लिहिते. गुरुजी, चुकलं तर सांगा."

तिला लिहायला पाऊण तास लागला. दोन ठिकाणी वेलांटी चुकली, ती तिने आमच्या सांगण्यावरून सुधारली. शब्द तिचेच आहेत. तुम्हांलाही कधी अर्ज लिहावा लागेल, म्हणून तो जसाच्या तसा देतो.

"मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती. विषय : बुधवारच्या जेवणात अंडे देण्याबाबत. महोदय, माझा मुलगा सातवीत शिकतो. दोन वर्षांपूर्वी मी अंडे नको म्हणून अंगठा दिला. कागदावर काय लिहिले ते मला वाचता येत नव्हते. आता येते. माझा अंगठा परत घ्यावा. ज्यांना अंडे हवे त्यांना अंडे, ज्यांना केळे हवे त्यांना केळे द्यावे. टोप वेगळा ठेवावा. वर्गणीत मी महिन्याला वीस रुपये देईन. पुढच्या सभेची तारीख मला लिहून कळवावी, मी वाचीन."

खाली तिने सही केली. आम्ही म्हणालो, "ताई, तुझा पोरगा तर सातवीत. जूनमध्ये तो या शाळेतून जाणार. त्याला काय मिळायचे?"

ती म्हणाली, "जावेचा दुसरीत आहे, गुरुजी."

अर्ज दुसऱ्या दिवशी तिने स्वतः शाळेत नेऊन दिला आणि पोच घेऊन आली.